पिशवीच्या तोंडावरचा डाग : कुठला जातो, कुठला वाढतो?



आज आरोग्याच्या गप्पांमध्ये थोडा इतिहास सांगणार आहे. राजा-राणीचा नाही आणि लढायांचाही नाही. आपल्या गर्भाशयाच्या तोंडाचा, म्हणजे आपण ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो, त्याचा. लाजू नका आणि रेडिओचा आवाजही कमी करू नका. घरात सासूबाई असतील, लेक असेल, तर त्यांनाही जवळ बसवा.

पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आपल्या ओळखीचा आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून जास्त बायकांना तो झाला आणि जवळजवळ ऐंशी हजार जणी त्यानं गेल्या, असा आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज आहे. वाईट याचं वाटतं की हा आजार एका रात्रीत येत नाही. आधी पिशवीच्या तोंडावरच्या पेशी थोड्या बदलतात. त्या बदलापासून कर्करोगापर्यंत जायला बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं लागतात. इतका वेळ देणारा आजार आणि तरी इतक्या बायका जातात. का? कारण त्या पहिल्या बदलात काहीच दुखत नाही. पांढरं जात नाही, रक्त जात नाही. बाई शेतात जाते, भाकऱ्या थापते, आणि आत काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो.

म्हणून डॉक्टरांपुढे दोन प्रश्न होते. पहिला, न दुखणारा हा बदल ओळखायचा कसा? दुसरा त्याहून अवघड. असे बदल पुष्कळ जणींना होतात आणि पुष्कळदा आपोआप जातात. मग कुठला डाग जाणार आणि कुठला वाढणार, हे आधी कसं सांगायचं? या दोन प्रश्नांचीच गोष्ट आज ऐकायची आहे.

सुरुवात इटलीतल्या व्हेरोना शहरापासून करू. तिथे रिगोनी-स्टर्न नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी शहरातल्या मृत्यूंच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि १८४२ मध्ये एक गोष्ट मांडली. गर्भाशयाच्या कर्करोगानं मरणाऱ्यांत लग्न झालेल्या बायका पुष्कळ होत्या, पण मठात राहणाऱ्या संन्यासिनी जवळपास नव्हत्या. म्हणजे या आजाराचा स्त्री-पुरुष संबंधाशी काहीतरी धागा असावा. धागा सापडला, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे कळायला पुढची जवळजवळ दीडशे वर्षं गेली. त्या मधल्या काळात बायकांना नावं ठेवणारे बरेच निघाले. त्याकडे नंतर येऊ.

आता न्यूयॉर्कला जाऊ. १९१३ मध्ये ग्रीस देशातून जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचा डॉक्टर आणि त्याची बायको मेरी तिथे उतरले. हातात पैसा नाही, भाषा येत नाही. त्यानं गालिचे विकले, तिनं दुकानात बटणं शिवली. पुढे त्याला एका वैद्यकीय कॉलेजात काम मिळालं आणि मेरीही त्याच प्रयोगशाळेत त्याच्या मदतीला राहिली. तो गिनीपिगच्या माद्यांच्या योनीतला स्राव काचेच्या पट्टीवर पसरून दुर्बिणीखाली बघायचा. प्राण्यांत दिसतं ते बाईत दिसेल का, असा प्रश्न पडल्यावर पहिली बाई कोण? मेरीच. अनेक वर्षं ती स्वतःचा नमुना देत राहिली. बरी पेशी कशी दिसते, हे जगाला बऱ्याच अंशी तिच्यामुळे कळलं. तपासणीला मात्र नाव नवऱ्याचं मिळालं : ‘पॅप स्मिअर’. आपल्याकडेही शेत बाई कसते आणि सातबारा कुणाच्या नावावर असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की काचेवरच्या पेशी बघून कर्करोग ओळखता येतो. त्याच सुमाराला रुमानियात ऑरेल बाबेश या डॉक्टरांनीही हेच दाखवलं होतं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४० नंतरच ही तपासणी रुजली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४९ पासून ती सुरू झाली. इंग्लंडमध्ये १९८८ पासून प्रत्येक बाईला ठरावीक वर्षांनी तपासणीचं बोलावणं जाऊ लागलं. जिथे हे काम नेमानं झालं, तिथे या कर्करोगाचे मृत्यू पुष्कळ खाली आले.

पण पॅप तपासणीला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारी शिकलेली नजर लागते आणि दर काही वर्षांनी परत बोलावणारी व्यवस्था लागते. श्रीमंत देशांत ते जमलं. आपल्यासारख्या देशात गावापर्यंत पोचलं नाही.

आता तो दुसरा प्रश्न. बदल दिसला, पण तो वाढणार आहे की जाणार आहे? याचं उत्तर शोधताना बायकांवर काय गुदरलं, ते न्यूझीलंड देशात बघायला मिळतं. ऑकलंड शहरातल्या बायकांच्या मोठ्या रुग्णालयात हर्बर्ट ग्रीन नावाचे डॉक्टर होते. त्यांचं मत असं, की या बदलांचा कर्करोग होतच नाही, उगाच बायकांवर शस्त्रक्रिया होतात. हे सिद्ध करायला १९६६ पासून त्यांनी काही बायकांना पुरेसा उपचार न करता नुसतं तपासत ठेवलं. वर्षानुवर्षं त्या बायका रुग्णालयात येत होत्या, तपासून घेत होत्या, घरी जात होत्या. आपल्यावर प्रयोग चालू आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे उघड कुणी केलं? दोन बायकांनी. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी १९८७ मध्ये एका मासिकात लेख लिहिला. देशभर खळबळ झाली आणि सिल्व्हिया कार्टराइट या महिला न्यायाधीशांच्या हाती चौकशी दिली गेली. १९८८ मध्ये अहवाल आला. त्यातूनच पुढे तिथे रुग्णाच्या हक्कांचे नियम झाले आणि देशभराची तपासणी योजना सुरू झाली. पुढे २००८ मध्ये त्या जुन्या कागदांचा हिशोब मांडला गेला. ज्यांना पुरेसा उपचार मिळाला नव्हता, त्यांच्यापैकी शंभरातल्या सुमारे एकतीस जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांना नीट उपचार मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात एकसुद्धा नव्हतं.

हा आकडा दोन्ही बाजूंनी बघा. एकतीस जणींना कर्करोग झाला, म्हणजे डाग सोडून देणं चूक होतं. पण उरलेल्या एकोणसत्तर जणींना तीस वर्षांत तो झाला नाही. आणि हे तर सगळ्यात गंभीर प्रकारचे बदल होते. हलके बदल तर बहुतेक वेळा आपोआप निवळतात. दुर्बिणीखाली मात्र त्या एकतीस आणि एकोणसत्तर जणींच्या पेशी सारख्याच दिसत होत्या. मग वेगळेपण दिसणार कुठे? पेशीच्या आत.

पेशीच्या आत जायच्या आधी आणखी एका बाईचं नाव घेते. हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतावर वाढलेली. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या पिशवीच्या तोंडावर कर्करोगाची गाठ निघाली. उपचाराच्या वेळी त्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि आजही जगभर वाढतात. पोलिओच्या लसीपासून कितीतरी शोध त्या पेशींवर झाले. तिच्या घरच्यांना ते कळायला वीसहून जास्त वर्षं लागली.

आता जर्मनीतले डॉक्टर हाराल्ड त्सूर हाउझेन. सत्तरच्या दशकात ते म्हणू लागले की या कर्करोगामागे चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्या घराण्यातला एखादा विषाणू असावा. तेव्हा इतरांचा संशय वेगळ्याच विषाणूवर होता. त्सूर हाउझेन आणि त्यांचे सहकारी शोधत राहिले. १९८३ मध्ये त्यांना कर्करोगाच्या गाठीत ‘एचपीव्ही १६’ सापडला आणि पुढच्याच वर्षी ‘एचपीव्ही १८’. हा १८ नंबरचा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींतही बसलेला निघाला. जगातले या कर्करोगाचे शंभरातले सुमारे सत्तर आजार या दोन विषाणूंमुळे होतात. २००८ मध्ये त्सूर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

व्हेरोनाच्या धाग्याचं दुसरं टोक हे असं सापडलं. हा विषाणू संबंधातून पसरतो. म्हणून संन्यासिनींना तो आजार नव्हता. पण इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक बाया-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो. पुरुषाच्या अंगात तो असला तरी त्याला बहुधा कळतसुद्धा नाही. म्हणून हा आजार झालेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्याला गप्प करा. आणि हेही ध्यानात घ्या की शंभरातल्या सुमारे नव्वद जणींच्या अंगातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांनाच धोका.

या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या मराठवाड्यात लिहिलं गेलंय. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या पुढाकारानं १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लक्षणं सांगत, दवाखान्यात यायला लावत. काही वर्षांत दिसलं की नुसत्या या माहितीमुळे बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या.

मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे बावन्न गट पाडले आणि त्यांचे चार भाग केले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी केली. दुसऱ्या भागात पॅप. तिसऱ्या भागात पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावून पांढरा डाग उठतो का ते बघितलं. तिला ‘व्हीआयए’ म्हणतात. चौथ्या भागात तपासणी केली नाही, नुसती माहिती दिली आणि नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. निकाल २००९ मध्ये आला आणि जगभर गाजला. ज्या भागात एकदाच, फक्त एकदाच, एचपीव्ही तपासणी होऊन उपचार झाले, तिथे या कर्करोगानं चौतीस बायका गेल्या. चौथ्या भागात चौसष्ट. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. त्या निर्णयामागच्या पुराव्यात धाराशिवच्या बायकांचा हा आकडा आहे. आज जगातल्या कुठल्याही देशातली बाई ही तपासणी करून घेते, तेव्हा तुळजापूर-कळंबच्या बाजूच्या बायकांचं थोडं ऋण तिच्यावर आहे. पण चौथ्या भागातल्या त्या चौसष्ट जणींचं काय? तपासणीनं जीव वाचतो हे जगाला आधीच ठाऊक असताना त्यांना तपासणीशिवाय का ठेवलं, यावर मोठा वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की तेव्हा देशात कुठेच नियमित तपासणी नव्हती, म्हणजे नेहमीची व्यवस्था तीच. दोन्ही बाजू ऐका आणि तुमच्या गटात बोला. ऑकलंडच्या बायका, हेन्रिएटा आणि आपल्या या चौसष्ट जणी. तिन्ही ठिकाणी गोष्ट वेगळी आहे, पण प्रश्न एकच विचारावासा वाटतो : त्या बाईला काय सांगितलं होतं?

मुंबईतही १९९८ पासून टाटा रुग्णालयानं वस्त्यांमधून व्हीआयए तपासणीचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी त्या तपासत. बारा वर्षांनी हिशोब केला तेव्हा मृत्यू शंभरातले एकतीस कमी झालेले दिसले. म्हणजे आपल्यातलीच बाई शिकली, तर जीव वाचवू शकते.

आता शेवटचं पान, ते अजून लिहिलं जातंय. एचपीव्ही तपासणी विषाणू आहे की नाही हे नेमकं सांगते. पण विषाणू असलेल्या सगळ्या जणींना धोका नसतो, हे आपण बघितलं. मग त्यांतल्या कुणाला उपचार हवा, हे ओळखायला शास्त्रज्ञांनी पेशीच्या आतल्या रेणूंच्या खुणा शोधल्या. त्यांना ‘बायोमार्कर’ म्हणतात.

आपल्या प्रत्येक पेशीत तिला आवरणारे राखणदार असतात. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे ते ठरवतात. एचपीव्ही ठाण मांडून बसला की तो दोन प्रथिनं तयार करतो, ई-६ आणि ई-७. ई-६ एका राखणदाराला नष्ट करतं, ई-७ दुसऱ्याला बांधून ठेवतं. मग पेशी सुटते. तिला थांबवायला शरीर पी-१६ नावाचं प्रथिन भराभर तयार करतं. बैल उधळल्यावर गाडीवान कासरा ओढ ओढ ओढतो, पण वेसणच तुटलेली असते. कासरा ताणलेला आणि तरीही बैल पळतोय, असं दृश्य दिसलं की समजायचं काहीतरी बिघडलंय. पेशीतही तसंच. २००१ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गंभीर बदल झालेल्या पेशींत पी-१६ साचलेलं असतं. पेशी वाढते आहे हे सांगणारी दुसरी खूण म्हणजे के-आय-६७. निरोगी पेशीत या दोन खुणा एकदम दिसत नाहीत, कारण एक म्हणते ‘थांब’ आणि दुसरी म्हणते ‘चाल’. दोन्हींना वेगवेगळा रंग देऊन बघायचं, आणि एकाच पेशीत दोन्ही रंग उठले तर त्या बाईला पुढची तपासणी लवकर हवी. अमेरिकेत २०२० मध्ये या दुहेरी रंगाच्या तपासणीला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये एचपीव्ही सापडलेल्या बायकांमध्ये निवड करायला ती वापरता येईल असं सांगितलं.

आणखी एक खूण आहे. विषाणू वर्षानुवर्षं राहिला की पेशीतल्या काही जनुकांवर बारीक रासायनिक कुलपं बसत जातात. त्यांना मिथिलेशन म्हणतात. जितकी कुलपं जास्त, तितका बदल कर्करोगाच्या जवळ गेलेला. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. याचा मोठा फायदा असा की बाईनं स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही ही तपासणी करता येते. पाय फाकून झोपायची लाज वाटते म्हणून ज्या येत नाहीत, त्यांनाही मग वाट सापडते.

तुम्ही म्हणाल, हे प्रयोगशाळेतलं आम्हाला कशाला? सांगते कशाला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ब्याऐंशी हजारांहून जास्त बायकांमध्ये तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी कोवळ्या वयाच्या. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली, असं अनेकींनी सांगितलं. खाडा झाला की मजुरी कापली जाते, म्हणून त्याही तयार झाल्या. मैत्रिणींनो, पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गानं होतं, गोळ्यांनी बरं होतं. आणि खरोखर कर्करोगाआधीचा बदल सापडला, तरी बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही. तेवढाच भाग गारव्यानं किंवा उष्णतेनं जाळतात किंवा छोटा तुकडा काढतात. काही मिनिटांचं काम असतं आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

म्हणजे एकीकडे तपासणी न मिळाल्यानं बायका मरतात, दुसरीकडे तपासणी न करताच पिशव्या काढल्या जातात. दोन्हींचं औषध एकच : नेमकी खूण बघून ठरवणं. ही खुणांची विद्या म्हणूनच आपल्या कामाची आहे.

या नव्या तपासण्या मोठ्या प्रयोगशाळांत होतात. त्या गावात येईपर्यंत थांबू नका. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हावी, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलंय. तुमच्या आशाताईला विचारा : उपकेंद्रात तपासणी कुठल्या वारी होते? डाग दिसला तर पुढे कुठे पाठवतात? पाळी गेलेल्या बायकांना ही व्हिनेगरची तपासणी कमी उपयोगी पडते, कारण बदल होणारी जागा आत सरकलेली असते. त्यांनी तसं डॉक्टरांना सांगून दुसरी तपासणी विचारावी. संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, पाळी गेल्यावर परत दिसलं असेल किंवा घाण वास येत असेल, तर शिबिराची वाट न बघता जा.

आणि कुणी ‘पिशवी काढू’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. तपासणीत नेमकं काय दिसलं? तो कागद मला देता का? दुसरा कुठला उपचार आहे? एकटीनं विचारायला भीती वाटत असेल तर गटातल्या दोघी सोबत जा. कर्जाचा हप्ता भरायला आपण सोबत जातोच ना?

मेरी, हेन्रिएटा, ऑकलंडच्या बायका आणि धाराशिवच्या एक लाख एकतीस हजार जणी. हे ज्ञान त्यांच्या अंगावरून आलंय. त्यांतल्या पुष्कळ जणींना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारता येतं. पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की वहीत एक रकाना वाढवा : तपासणी कुणाची झाली, कुणाची राहिली. सुरुवात तिशी ओलांडलेल्या बायकांपासून करा.

नमस्कार.